राजेहो, राजघराण्यांचं एवढं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातल्या एका खेड्यात इतिहास शिकवतो. वर्षातून तीन-चारदा गावात राजेरजवाड्यांचा विषय निघतोच. १२ जानेवारीला जिजाऊंची जयंती असते तेव्हा, पोळ्याच्या करीला मारबत, म्हणजे इडापिडा घालवायचा पुतळा, निघते तेव्हा, दसऱ्याला, आणि लंडनमध्ये कोणाचं लग्न झालं किंवा कोणी गेलं की. विचारणारे बदलतात, प्रश्न तेच. लिहून ठेवले म्हणजे पानठेल्यावर दरवेळी घसा कोरडा करावा लागणार नाही.

लोकांना राजघराण्यांचं एवढं आकर्षण का वाटतं?

त्यांना राज्यात रस नसतो, घराण्यात असतो म्हणून. अमक्या राजाचा महसूल किती, त्यानं तह कोणाशी केला, हे सांगायला लागलो की माझा वर्ग जांभया देतो. त्याच राजाची धाकटी सून सासरी का टिकली नाही हे काढलं, की मागच्या बाकावरचा पोरगाही पुढे सरकतो.

श्रावणातल्या कहाण्या ऐकत वाढलेल्यांना यात नवल वाटू नये. आटपाट नगर होतं, तिथं एक राजा होता, त्याला दोन राण्या, एक आवडती, एक नावडती. त्या नगराचा सारा किती, फौज किती, हे कहाणी ऐकताना कोणी विचारलं आहे? नावडतीला खायला उष्टं आणि राहायला गुरांचा गोठा, हे मात्र माझ्या आईला तोंडपाठ. वेल्सची युवराज्ञी डायना गेली ती ३१ ऑगस्ट १९९७ ला. आमच्याकडे तो पोळ्याच्या आदला दिवस होता. अंगणात बैलांचे खांदे शेकणं चाललं होतं, पळसाच्या पानानं लोणी-हळद लावत होतो, आणि ओसरीवरच्या रेडिओनं बातमी दिली. आईनं हातातलं पान खाली ठेवलं आणि म्हणाली, "नावडती गेली वाटते." तिला वेल्स कुठं आहे ते माहीत नव्हतं. बाकी सगळं माहीत होतं.

आपल्या भावकीत जे चालतं तेच तिथं चालतं. वाटणी, मानपान, थोरल्याला सगळं आणि धाकट्याला हात हलवत, सासू-सुनेची धुसफुस. फरक एवढाच की आपल्या भावकीबद्दल चौकात बोललं तर भांडण लागतं. राजाच्या भावकीबद्दल मोकळ्यानं बोलता येतं, तो काही कुऱ्हाड घेऊन दारात येत नाही.

लंडनच्या राणीशी आपल्या खेड्याचा संबंध काय?

संबंध गळ्यातला आहे. माझ्या आजीच्या गळ्यात रुपयांची माळ होती, राणीछाप रुपयांची. प्रत्येक नाणं बरोबर एक तोळ्याचं. काही नाण्यांवर व्हिक्टोरियाच्या नावापुढे 'क्वीन' आहे, काहींवर 'एम्प्रेस'. १८७७ पासून ती हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणवू लागली, म्हणून टाकसाळीनं अक्षरं बदलली. आजीला वाचता येत नव्हतं. एका नापिकीच्या वर्षी तिनं दोन राण्या सोनाराकडे नेल्या, तेव्हा सोनारानंही अक्षरं वाचली नाहीत. तराजूत टाकल्या आणि चांदीचा भाव सांगितला.

१८७७ चंच आणखी एक. १ जानेवारीला दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरियाला सम्राज्ञी जाहीर केलं, आणि त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची कापड गिरणी सुरू झाली. म्हणून तिचं नाव एम्प्रेस मिल. विदर्भाचा कापूस तिथं सूत व्हायचा. पुढे गिरणी बंद पडली, जागेवर मॉल आला, तरी नाव एम्प्रेसच राहिलं. दिल्लीतला तो दरबार आज कोणाला आठवत नाही.

एलिझाबेथ राणी ८ सप्टेंबर २०२२ ला गेली. १९ तारखेची अंत्ययात्रा पानठेल्यावरच्या टीव्हीवर आम्ही दहा-बारा जणांनी बघितली. शवपेटी ठेवलेला तोफगाडा नौदलाचे १४२ खलाशी दोरांनी ओढत होते. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू, घोटता घोटता एक काका म्हणाले, "काऊन बाप्पा, एवढी मोठी राणी, अन् बैल नाई भेटले त्याईले?" सगळे हसले. पण प्रश्न अगदी बरोबर होता आणि त्याला उत्तरही आहे. १९०१ साली व्हिक्टोरियाच्या अंत्ययात्रेत विंडसरला थंडीत ताटकळलेले घोडे बिथरले, जुंपणी तुटली. आयत्या वेळी खलाश्यांनी दोर धरले आणि गाडा ओढत नेला. तीच पुढे रीत झाली. हे सांगितल्यावर काकांचं समाधान झालं. जुंपणी तुटली की काय होतं हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

मग काही लोक राजघराण्यांचं नाव काढलं तरी नाक का मुरडतात?

सगळ्यांची कारणं सारखी नाहीत, आणि हे वेगळं करून बघितलं नाही तर चर्चा नुसती तापते.

ज्यांच्या घरानं किंमत मोजली, त्यांचं कारण पहिलं. आमच्या गावातले एक बुढे आबाजी सांगायचे, त्यांचा बाप मालगुजाराच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालकाच्या, वाड्यासमोरून जाताना पायातल्या वहाणा हातात घ्यायचा. पेरणी आधी वाड्याची, मग आपली, आणि तीही फुकटात. मालगुजार म्हणजे राजा नव्हे, हे मला माहीत आहे. पण आबाजीच्या बापाला राजा कधी दिसलाच नाही. त्याला दिसला तो मालगुजार, आणि त्याच्यासाठी तोच राजा. अशा घरातल्या माणसासमोर पैठणीच्या आणि फेट्यांच्या गोष्टी सांगू नयेत.

दुसरं कारण विचाराचं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेब आमच्या चंद्रपूरला आले. इथं घराघरात ती आठवण आहे. जन्मानं कोणी मोठा होत नाही हे ज्या घरांनी एवढं सोसून मिळवलं, ती घरं जन्मानं मिळालेल्या मुकुटाला हात का जोडतील? पण त्याच घराच्या भिंतीवर राजर्षी शाहूंचा फोटो असतो. १९०२ साली नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्यांना राखून ठेवणारा राजा. १९२० साली नागपूरच्या बहिष्कृतांच्या परिषदेचं अध्यक्षपद घ्यायला कोल्हापूरहून आलेला. शाहूंच्या शेजारी तथागताचा फोटो, म्हणजे ज्यानं राजवाडा सोडला तो राजपुत्र. या भिंतीवर राजे आहेत, पण त्यांना गादीमुळे जागा मिळालेली नाही.

तिसरा गट मला जास्त करमणूक देतो. "मला बुवा राजेरजवाड्यांत काडीचा रस नाही" असं म्हणणारे. आमच्या शिक्षकखोलीत एक आहेत. ब्रिटनचा धाकटा राजपुत्र बायकोला घेऊन अमेरिकेत कोणत्या गावी राहतो, हे याच गुरुजींनी मला न विचारता सांगितलं होतं.

मारबतीच्या दिवशी एका राणीला दरवर्षी जाळतात. हे कसलं राजप्रेम?

खरी गोष्ट आहे. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, शंभराहून जास्त वर्षांची परंपरा. काळी मारबत म्हणजे नागपूरच्या भोसल्यांची राणी बाकाबाई, इंग्रजांना मिळाली म्हणून तिचा पुतळा जाळायचा, असं लोक सांगतात. आमच्या खेड्यात मारबत लहान असते आणि तिला नाव-गाव नसतं. पहाटे पोरं ती शिवेबाहेर नेतात आणि ओरडतात: "इडा, पिडा, रोगराई, खासी, खोकला घेऊन जा गे मारबत!" शहरात त्या यादीत एक राणीही बसली.

बाकाबाईची बाजू कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. ११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघुजी वारले, पोटी मूल नव्हतं. इंग्रजांचा गव्हर्नर जनरल डलहौसी, त्यानं दत्तक नाकारला आणि १८५४ ला नागपूरचं राज्य खालसा केलं. वाड्यातले हत्ती, घोडे, बैल लिलावात काढले, जडजवाहीर विकायला कलकत्त्याला धाडलं. म्हातारी बाकाबाई त्या वेळी वाड्यातच होती आणि तिनं विरोध केला होता. तीन वर्षांनी १८५७ चा उठाव झाला, तेव्हा तिनं आपल्या माणसांना इंग्रजांविरुद्ध जाऊ दिलं नाही. का, याचा विचार ज्यानं त्यानं करावा. लोकांच्या आठवणीत मात्र दुसरी गोष्ट राहिली, पहिली पुसली गेली.

आता याच्या शेजारी बाबूराव शेडमाके ठेवा. मोलमपल्लीच्या जमीनदाराचा मुलगा, वय पंचविशीचं, इंग्रजांशी लढला आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला चंद्रपुरात फाशी गेला. त्याला धरून दिलं ते अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंनी, अशी नोंद आहे. घराणी सगळीच मोठी. लोक एकाला हार घालतात, दुसरीला जाळतात, तिसरीचं नावही घेत नाहीत. घोडा कोणाकडे होता हे कोणी बघत नाही, तो कोणत्या बाजूला वळवला ते बघतात.

जिजाऊंवर एवढी श्रद्धा आहे, म्हणजे लोकांना राजेशाही हवी आहे का?

नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाला १२ जानेवारीला लाखो माणसं जमतात. मी दोनदा गेलो आहे. लखुजीराव जाधवांचा राजवाडा बघायला माणसं जातात, पण आत गेल्यावर बायका विचारतात ते एकच: "जिजाऊ जन्मल्या ती खोली कोणती?" १५९८ साली तिथं एक मुलगी जन्मली. तिच्या बापाला आणि भावांना पुढे निजामशाहानं दौलताबादेत दगा देऊन मारलं. अशा माहेराची लेक होती ती. बाया तिथं लेकीला भेटायला येतात.

विदर्भाची ही जुनीच खोड आहे. आपल्याकडच्या राजकन्या मोजा: रुक्मिणी, दमयंती, लोपामुद्रा, इंदुमती. सगळ्या इथून सासरी गेलेल्या. रुक्मिणीच्या बापाचं राज्य कसं चाललं होतं ते कोणालाच सांगता येणार नाही, पण अमरावती जिल्ह्यातल्या कौंडण्यपूरहून दर आषाढीला तिची पालखी पंढरपूरला निघते, माहेरचं माणूस सोबत पाहिजे म्हणून.

विदर्भात संस्थान होतं का? आणि 'वऱ्हाडचा राजपुत्र' कोण?

१९४७ साली आजच्या विदर्भात एकही संस्थान नव्हतं. नागपूर १८५४ ला खालसा झालेलं, चांद्याचं, म्हणजे चंद्रपूरचं, गोंड राज्य त्याआधी शंभर वर्षं भोसल्यांनी घेतलेलं. राहिले होते जमीनदार आणि मालगुजार.

वऱ्हाडचा किस्सा मात्र सांगण्यासारखा. १८५३ ला निजामानं कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १९०२ ला वर्षाला २५ लाख रुपयांवर तो कायमचा भाडेपट्ट्यानं गेला. कापसाची काळी जमीन कोण सोडतो? मग १९३६ ला निजामाची समजूत काढायला त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी दिली, म्हणजे वऱ्हाडचा राजपुत्र. त्याची बायको दुरुशेहवार, तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाची मुलगी, लग्न फ्रान्समधल्या नीसला, १९३१ साली. म्हणजे तुर्की राजकन्या वऱ्हाडची राणीसरकार, सासर हैदराबादला, आणि अकोल्याचा शेतकरी कापूस घेऊन उभा इंग्रजाच्या बाजारात. आपल्याकडे म्हण आहे, राजा उदार झाला अन् हाती भोपळा दिला. इथं राजाच्याच हाती दिला.

अहेरीच्या घराण्याला लोक अजून 'राजे' म्हणतात. कायद्यात बसतं का?

राज्यघटनेच्या अठराव्या कलमानं सरकार अशा पदव्या देत नाही. संस्थानिकांचे तनखे १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीनं गेले, आणि आपल्याकडची जमीनदारी-मालगुजारी तर त्याआधीच, १९५१ ला. पण लोकांच्या जिभेला कलम लागू होत नाही. अहेरीचा दसरा आजही मोठा भरतो आणि लोक 'राजे' म्हणतात. त्याच घराण्यातले विश्वेश्वरराव १९७७ ला लोकसभेवर निवडून गेले. हात जोडून 'राजे' म्हणणारे मतदानाला गेले की त्याच हातानं वाटेल तिथं बटण दाबतात. माझ्या मते ही गुलामी नाही. काहींना ती वाटते, आणि त्यांचं म्हणणंही मी उडवून लावणार नाही.

राजांनी आपल्याला दिलं काय?

या प्रश्नाला आमच्याकडे डोळ्यांनी दिसणारं उत्तर आहे. तलाव.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर या जिल्ह्यांत मिळून सहा हजारांवर जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन, अशी रीत होती असं सांगतात. बांधणारे हात बहुतेक कोहळी समाजाचे. जमिनीचा उतार बघून पाळ कुठं घालायची हे त्यांना कळायचं, आणि एकाचा सांडवा दुसऱ्याच्या पोटात सुटायचा. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, कागदावर नाव पडलं 'माजी मालगुजारी तलाव', म्हणजे मामा तलाव. माझ्या वर्गातली एक मुलगी बरेच दिवस समजत होती की तलाव तिच्या मामाचा आहे.

आमच्या तलावावर आजही खाली धानाच्या बांध्या भिजतात आणि वर ढिवर जाळं टाकतात. अर्ध्याहून जास्त पोट गाळानं भरलंय. दरवर्षी ग्रामसभेत गाळाचा ठराव होतो, दरवर्षी वहीत राहतो. त्या दिवशी हमखास कोणीतरी म्हणतं, "राजाच्या काळात असं नव्हतं." ते राजाचं कौतुक नसतं, समोर बसलेल्यांना मारलेला टोमणा असतो. आणि राजाच्या काळात तो गाळ कोण उपसायचं, हे तेव्हा मी विचारतो. मग थोडा वेळ शांतता.

ब्रिटनच्या राजाला सरकार किती पैसे देतं?

२०२४-२५ या वर्षी आठ कोटी त्रेसष्ट लाख पौंड. २०२५-२६ ला तेरा कोटी एकवीस लाख, वाड्याची दुरुस्ती धरून. राजाच्या मालमत्तेचं उत्पन्न सरकारजमा होतं, त्यातल्या वाट्यावरून हा आकडा ठरतो. इंग्रज यावर आपसात भांडतात, भांडू द्या.

कोहिनूर, तलवारी परत आणून काय मिळणार?

कोहिनूर १८४९ ला लाहोरच्या तहात एका अल्पवयीन राजाकडून घेतला गेला. मे २०२३ मध्ये राज्याभिषेकाला नव्या राणीनं कोहिनूर नसलेला मुकुट घातला, यावरून त्यांनाही लाज वाटते असं धरायला हरकत नाही. पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ ला लंडनच्या लिलावात निघाली आणि महाराष्ट्र सरकारनं सुमारे ४७ लाख रुपयांना सोडवली. पानठेल्यावर दोन तट पडले. एक म्हणाला, आपलीच वस्तू पैसे देऊन का घ्यायची? दुसरा म्हणाला, गहाण ठेवलेलं डोरलंही पैसे देऊनच सोडवतात. माझं मत दुसऱ्याकडे.

राजा काढून टाकला तर काय बिघडतं?

नेपाळनं २८ मे २००८ ला काढला. डोंगर होते तिथंच आहेत. सरकारं मात्र इतकी बदलली की राजा परत आणा म्हणणारेही निघाले. बार्बाडोसनं ३० नोव्हेंबर २०२१ ला ब्रिटनच्या राणीला नारळ दिला आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागला.

मग आपण वैदर्भी एकमेकांना 'राजेहो' का म्हणतो?

पुण्या-मुंबईचे पाहुणे हे नेहमी विचारतात. आमच्याकडे कापूस तोडणाराही राजा, एसटीत जागा मागणाराही राजा. "सरक ना राजा थोडा." बैलजोडीत एक राजा, एक सर्जा. शेतकरी तर बळीराजाच, त्याच्या डोक्यावर मुकुटाऐवजी सोसायटीचं कर्ज. दंडारीतला, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यातला, राजा मी लहानपणी जवळून बघितला आहे. बेगडी मुकुट, गालाला लाली, हातात लाकडी तलवार. रंगमंचामागे तोच राजा उकिडवा बसून खर्रा घोटत होता, आणि प्रधान त्याला म्हणत होता, "मले बी दे जी थोडा." पदवी एवढी वाटून टाकली की कोणाला तिचं ओझं होत नाही.

पोरं विचारतात, "सर, आता राजा कुठं राहतो?" काय सांगायचं?

मी सांगत नाही, नेऊन दाखवतो. दरवर्षी सहलीला चंद्रपूरला जातो. जटपुरा दरवाज्यातून आत, मग अंचलेश्वराजवळची गोंड राजांची समाधिस्थळं. बीरशहाची समाधी सगळ्यात मोठी. ती राणी हिराईनं नवऱ्यासाठी बांधली. त्यानंतर तिनं वारस लहान म्हणून स्वतः राज्य चालवलं, महाकालीचं देऊळ उभारलं. मुलींना हा भाग आवडतो, त्या हिराईबद्दल खोदून खोदून विचारतात.

मागच्या सहलीत सहावीतला एक पोरगा काही विचारत नव्हता. तो भिंतीकडेनं पावलं मोजत फिरत होता. त्याच्या घरच्यांचं नाव घरकुलाच्या यादीत तीन वर्षांपासून आहे, हे मला माहीत होतं. फिरून आला आणि म्हणाला, "सर, यात पाच घरकुलं बसतील."

मी म्हटलं, "स्वयंपाकघर धरून मोज."

तो परत गेला. आल्यावर म्हणाला, "चार."